ख्रिस्ती बालगृह चालवताना : रोजचा दिवस, पहाटेपासून रात्रीच्या फेरीपर्यंत

बालगृहात नव्यानं आलेल्या मुलाला रात्री झोपताना एकच गोष्ट पक्की माहीत हवी असते : सकाळी मला कोण उठवणार? या प्रश्नाचं उत्तर दर आठवड्याला बदलत असेल, तर चांगला स्वयंपाक, स्वच्छ अंथरूण, रोजची प्रार्थना, काहीच त्या मुलापर्यंत पोचत नाही. गरीब देशात बालगृह चालवताना पैसा, पाणी, औषधं, माणसं, सगळ्याचीच ओढाताण असते. तरी ठरलेली वेळ आणि ठरलेला चेहरा या दोन गोष्टी कमी पैशातही देता येतात. बाकीची सगळी व्यवस्था त्यांच्याभोवती बांधायची.

पुढची मापं मिश्र वयाची ३० मुलं आणि ६ मोठी माणसं, म्हणजे ३६ जणांच्या घरासाठी धरली आहेत. आपलं घर लहान-मोठं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करावं. यापेक्षा मोठं घर एकाच छपराखाली करू नये, कारण मग सगळ्या मुलांची नावंही सगळ्यांना ठाऊक राहत नाहीत.

मूल दारात आल्यावर

पहिला प्रश्न जागा आहे का हा नसतो. हे मूल इथे का आलं, हे आधी विचारायचं. बालगृहांत राहणाऱ्या अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, नाहीतर आजी, काका, मामा असतात. शाळेची फी, औषधं किंवा दोन वेळचं जेवण परवडत नाही म्हणून मूल आणून सोडलेलं असतं. अशा वेळी महिन्याचं धान्य आणि शाळेचा खर्च त्या घरी पोचवला, तर मूल आपल्याच माणसांत राहतं, आणि खर्चही बहुतेक वेळा बालगृहात ठेवण्यापेक्षा कमी येतो. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. केवळ गरिबी हे मूल घरातून काढण्याचं कारण असू नये, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांना कुटुंबातच ठेवावं, असंही त्यांत आहे. तान्ह्या बाळाला बालगृहात ठेवून घेणं दयाळूपणाचं वाटतं, पण बाळाला पाळीनं बदलणाऱ्या हातांपेक्षा एक मांडी जास्त गरजेची असते. रोमानियाच्या बुखारेस्ट शहरात २००० च्या सुमारास १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. संस्थेतून लवकर पालक-कुटुंबात, म्हणजे परक्या मुलाला आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबात, गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जवळीक लावण्याची क्षमता संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा सरस दिसली. म्हणून बाळ आलंच, तर त्याच आठवड्यात पालक-कुटुंबाचा शोध सुरू करायचा.

ठेवून घेणं खरोखर गरजेचं असेल, तर सरकारी बालकल्याण कार्यालयाचा लेखी आदेश हवाच. नोंदणी नसलेलं घर किंवा आदेशाविना ठेवलेलं मूल, दोन्हींचा शेवट वाईट होतो. त्या दिवशीच फाइल उघडायची. कोणी आणलं, कुठून आणलं, आई-वडिलांची नावं, भावंडं किती व कुठे, जवळच्या सगळ्या नातेवाइकांची नावं, गावाची खूण, घरात बोलायची भाषा, कुटुंबाचा धर्म, लसी, जुने आजार, हे सगळं आणणाऱ्या माणसासमोर लिहायचं आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. ही माहिती 'नंतर लिहू' म्हटलं की हातची जाते. आणणारा माणूस पुन्हा भेटतोच असं नाही, आणि पाच वर्षांचं मूल दोन वर्षांत आपल्या गल्लीचं नाव विसरतं.

मूल जे कपडे घालून आलं ते टाकून देऊ नयेत. मळलेले असतात, उवा असतात, बाही फाटलेली असते. म्हणून हौशी माणसं ते जाळून नवा जोड देतात. त्या फाटक्या सदऱ्याला आईच्या हातचा टाका असू शकतो. गरम पाण्यात धुवावा, उन्हात वाळवावा, मुलाच्या नावाच्या पेटीत ठेवावा आणि पेटी कुठे आहे ते मुलाला दाखवावं. काही मुलं ती पेटी रोज उघडतात, काही वर्षभर तिच्याकडे बघत नाहीत. दोन्ही ठीक.

पहिल्या रात्री अंघोळ, केस कापणं, तपासणी सगळं एकदम उरकायची घाई नको. जेवण, झोपायची जागा, रात्री शौचालय कुठे आणि हाक कोणाला मारायची, एवढं पुरे. भावंडं असतील तर मुलगा-मुलगी म्हणून पहिल्याच रात्री त्यांना वेगळ्या इमारतीत पाठवू नये.

माणसं

३० मुलांचे सात-आठ जणांचे चार गट करावेत. गटात वेगवेगळ्या वयाची मुलं असावीत, आणि प्रत्येक गटाची एक ठरलेली मावशी. चार मावश्या कायमच्या, दोन बदलीच्या. बदलीची मावशीही ठरलेली हवी : एकीकडे पहिले दोन गट, दुसरीकडे उरलेले दोन. म्हणजे प्रत्येक मुलाच्या आयुष्यात दोनच चेहरे येतात-जातात. 'सगळ्यांना सगळी कामं यायला हवीत' म्हणून मावश्यांना गटांत फिरवलं, तर व्यवस्थापकाची सोय होते आणि मुलं कोणालाच धरून राहत नाहीत. ती येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या गळ्यात पडतात. पाहुण्यांना ते प्रेम वाटतं. खरं तर ते मूल कोणा एकाचं नसल्याची खूण असते.

आठवड्याला पूर्ण एक दिवस सुटी आणि वर्षाला सलग दोन आठवडे रजा, ही देवाच्या कामात मागण्याची गोष्ट नव्हे म्हणून टाळली जाते. थकलेला हातच आधी उगारला जातो. मारहाणीच्या तक्रारींचा माग काढला, तर त्यामागे बहुतेकदा सलग कित्येक दिवस न सुटलेली ड्यूटी सापडते. पगार ठरलेल्या तारखेला द्यायचा. सुटीवर जाताना आणि परतल्यावर बदलीच्या मावशीशी पंधरा मिनिटं वहीसकट बोलणं : कोण जेवलं नाही, कोणाचं कोणाशी भांडण, कोणाला किती वाजता औषध. मुलांनाही आधी सांगायचं, 'मी उद्या नाही, परवा सकाळी येते.' आणि परवा सकाळी यायचंच.

शिक्षेचे नियम भिंतीवर लिहून लावावेत, मुलांना वाचता येतील असे. मारायचं नाही, जेवण बंद करायचं नाही, कोंडायचं नाही, घरच्यांची भेट रद्द करायची नाही. बायबलमधलं वचन पाठ करायला लावणं किंवा गुडघ्यावर बसवून प्रार्थना करायला लावणं ही शिक्षा म्हणून कधीही वापरायची नाही. ज्या मुलानं प्रार्थना शिक्षेत शिकली, ते मोठेपणी तिच्यापासून लांब पळतं.

दिवसाचा क्रम

साडेपाचला स्वयंपाकघर, सहाला मुलं. प्रत्येक गटाला त्यांची मावशी नावानं उठवते. घंटा वाजवून तीसजणांना एकदम उठवणं सोपं, पण ते छावणीसारखं होतं. तोंड धुणं, अंथरूण, अंघोळ, न्याहारी, दहा मिनिटांची प्रार्थना, शाळा. शाळा गावातलीच असावी, आवारातली नको. दुपारी परतल्यावर आधी खाणं, मग तासभर मोकळा खेळ, त्यानंतर अभ्यास. शाळेतून आलेल्या मुलाला थेट अभ्यासाला बसवलं की सायंकाळी भांडणं वाढतात. संध्याकाळी कामं वाटून : भांडी, झाडणं, बाग. वयाला झेपेल एवढंच आणि अर्ध्या तासाच्या आत. पाणी भरणं आणि तान्ही सांभाळणं हे मोठ्या मुलींच्या अंगावर आपोआप पडत जातं, त्यावर लक्ष ठेवायचं. सातला जेवण, आठला लहानांची झोप, नऊला मोठ्यांची.

हा क्रम कागदावर नीट दिसतो आणि पाणी गेलं की मोडतो.

पाणी

तगून राहायला माणशी रोज १५ लिटर धरतात. ३६ जणांचे ५४० लिटर, म्हणजे २० लिटरच्या २७ बादल्या. कपडे, चादरी आणि अंघोळ नीट व्हायची असेल तर हजार लिटरची तयारी हवी. त्यातलं ७५ ते ८० लिटर पिण्याचं. ते वेगळं काढून शुद्ध करायचं, सगळं पाणी शुद्ध करत बसायची गरज नाही.

पद्धत अशी. पाणी गढूळ असेल तर ते आदल्या रात्री भरून निवळू द्यायचं आणि सकाळी चार पदरी स्वच्छ सुती कापडातून गाळायचं. वास नसलेलं, रंग नसलेलं ५ टक्के क्लोरीनचं ब्लीच द्रावण घ्यायचं. सुई नसलेल्या सिरिंजनं २० लिटरला १ मिली मोजून घालायचं; गाळूनही किंचित गढूळ राहिलं असेल तर २ मिली. ढवळून झाकण लावायचं आणि ३० मिनिटं थांबायचं. शेवटी क्लोरीनचा अगदी पुसट वास यायला हवा. वास अजिबात नसेल, तर पाण्यातल्या घाणीनं क्लोरीन खाऊन टाकलं आहे. मात्रा पुन्हा द्यावी आणि पुन्हा अर्धा तास थांबावं. चाचणीच्या पट्ट्या मिळत असतील तर उरलेलं क्लोरीन लिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं.

चूक बहुतेक दोन ठिकाणी होते. ब्लीचची बाटली उन्हात किंवा चुलीजवळ ठेवल्यानं ते निकामी होतं. लहान बाटल्या घ्याव्यात, उघडल्याची तारीख लिहावी, बाटली थंड अंधाऱ्या जागी आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. दुसरी चूक जास्त नेहमीची : शुद्ध पाण्यात पेला धरलेला हात बुडतो. रुंद तोंडाचा हंडा काढून टाकून खाली तोटी असलेला झाकणाचा डबा ठेवला की निम्मं काम होतं. इंधन पुरत असेल तर उकळणंही उत्तम. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं.

साबण माणशी महिन्याला अंघोळीचा २५० ग्रॅम आणि कपड्यांचा २०० ग्रॅम धरावा. म्हणजे घराला महिन्याला ९ किलो आणि सव्वासात किलो. वड्या मोठ्या असल्या की हरवतात. चार तुकडे करून, जुन्या मोज्यात घालून शौचालयाजवळच्या नळाला बांधून ठेवावा. हात धुण्याची जागा शौचालयापासून दहा पावलांवर असेल तर मुलं धुतात, पन्नास पावलांवर असेल तर नाही. मोठ्या मुलींना आतून कडी असलेलं शौचालय, झाकणाचा डबा आणि कापडं उन्हात पण आडोशाला वाळवायची जागा हवी. ही मागणी त्या कधी बोलून दाखवत नाहीत.

स्वयंपाकघर आणि कोठार

३६ जणांना रोज साधारण साडेबारा किलो धान्य, अडीच किलो कडधान्य, एक लिटर तेल आणि आयोडीनयुक्त मीठ लागतं. यावर भाजी, फळ आणि जमेल तितकं अंडं, मासे, दूध किंवा मांस. पैसा तुटला की आधी कडधान्य आणि तेल कमी होतं, धान्य तेवढंच राहतं. ताटं भरलेली दिसतात, वजनं मात्र थांबतात. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक मुलाचं वजन आणि तीन महिन्यांनी उंची लिहायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर मोजपट्टीनं घ्यायचा. तो १२५ मिलिमीटरच्या खाली असेल तर पोषणात कमतरता आहे. ११५ च्या खाली असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

कोठारात पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. दमट मका आणि शेंगदाण्याला बुरशी लागते आणि तिचं विष शिजवूनही जात नाही. हिरवट-काळपट दाणे निवडून उरलेलं वापरू नये, तो माल परत करावा. दानात आला असला तरी. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, निदान अर्धा तास खळखळून उकळायचा. नुसत्या मंद आचेवर ठेवलेला अर्धा कच्चा राजमा सगळ्या घराला एकाच वेळी उलट्या करायला लावू शकतो. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते संध्याकाळी लहानांना द्यायचं नाही. चहा जेवणासोबत दिला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराचं अंतर ठेवावं.

उपासमार पाहिलेलं मूल अन्न लपवतं. उशीखाली, खिशात, गादीच्या शिवणीत. चोरी म्हणून त्याचा बोभाटा करू नये. त्याला झाकणाचा डबा द्यावा, त्यात रोज रात्री टिकेल असं काही ठेवावं आणि सांगावं की हा तुझा, रिकामा झाला की पुन्हा भरू. सुरुवातीला डबा रोज रिकामा होतो. पुढे कधीतरी सकाळी तो जसाच्या तसा सापडतो. तोवर भरत राहायचं. मधेच थांबवलं की लपवणं नव्यानं सुरू होतं.

आजारपण

एका मुलाचा आजार घरात पसरायला दोन दिवस लागतात. तीन गोष्टी तोंडपाठ हव्यात : जुलाब, ताप-खोकला आणि खरूज.

जुलाब सुरू झाले की पहिल्याच सैल शौचाला जलसंजीवनी (ओआरएस) सुरू करायची. ओआरएसची पाकिटं कपाटात निदान पन्नास असावीत. संपली तर १ लिटर शुद्ध पाणी, साखरेचे सपाट ६ चहाचे चमचे आणि मिठाचा सपाट अर्धा चमचा. चमचा भरून त्यावरून सुरीची पाठ फिरवायची. डोंगर करून भरलेला मिठाचा चमचा मुलाच्या जिवावर येऊ शकतो. दोन वर्षांखालच्याला प्रत्येक शौचानंतर ५० ते १०० मिली, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं. जेवण बंद करायचं नाही. चोवीस तासांनी उरलेलं द्रावण ओतून द्यायचं. पाच वर्षांखालच्या मुलांना सोबत जस्त : सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबतात म्हणून गोळ्याही थांबवल्या जातात, ते चूक. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसते, मूल सुस्त आहे किंवा पिऊच शकत नाही, शौचात रक्त आहे, तर वाट न पाहता दवाखाना.

उलटी-जुलाबाची जागा आधी कापडानं किंवा राखेनं टिपून घ्यावी, मग ५ टक्के ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं द्रावण ओतून दहा मिनिटं ठेवावं. घाणीवर सरळ ब्लीच ओतल्यानं फारसं काही साधत नाही.

तापात पुढचं काही दिसलं की रात्र असो वा पाऊस, निघायचं : मूल पिऊ शकत नाही, सगळं ओकतं, झटके येतात, उठवूनही नीट जागं होत नाही. खोकला असेल तर मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे ५० किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर तातडीचं. मलेरियाच्या भागात कोणताही ताप चोवीस तासांत तपासून घ्यावा, अंदाजानं गोळ्या देऊ नयेत. औषध लावलेल्या मच्छरदाण्या धुतल्यावर सावलीत वाळवाव्यात, कारण उन्हानं त्यावरचं औषध उतरतं.

खरजेबद्दल जरा सविस्तर, कारण ती वर्षानुवर्षं घरात ठाण मांडून बसते आणि कारण नेहमी एकच असतं : ज्याला खाज आहे त्यालाच मलम लावलं जातं. खाज सुटायच्या आधी काही आठवडे किडा अंगावर असू शकतो. त्यामुळे उपाय सगळ्या ३६ जणांवर एकाच दिवशी. शनिवार निवडावा. मोठ्याला साधारण ३० ग्रॅम या हिशेबानं ५ टक्के परमेथ्रिनचं मलम आधी मोजून घ्यावं, मुलांना वयानुसार कमी. संध्याकाळी अंघोळ, अंग पूर्ण कोरडं. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, काखेत, कमरेला, जांघेत. हात धुतले की तिथे पुन्हा लावायचं. आठ ते चौदा तासांनी अंघोळ. त्याच सकाळी सगळे कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात आणि कडक उन्हात. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला. एक ते दोन आठवड्यांनी सगळं पुन्हा एकदा. दुसरी फेरी चुकवली की पहिलीचा पैसा वाया. खाज मात्र त्यानंतरही दोन-चार आठवडे राहते, म्हणून घाबरून तिसऱ्यांदा मलम फासू नये. दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रिया यांचं डॉक्टरांना विचारून.

एचआयव्ही असलेल्या मुलाची गोळी रोज त्याच वेळी, त्याच माणसाच्या हातून, आणि बाजूला नेऊन. त्याचं ताट, पेला, अंथरूण वेगळं करायचं नाही. एकत्र जेवल्या-झोपल्यानं कोणालाही काही होत नाही, पण वेगळं केलं की सगळ्या घराला सगळं कळतं. निदान फाइलीतल्या बंद पाकिटात राहतं. ते पाहुण्यांना, शाळेला, चर्चच्या मंडळीत प्रार्थनेचा विषय म्हणूनसुद्धा सांगायचं नाही.

रात्र

एक माणूस जागा. झोपेत ड्यूटी म्हणजे ड्यूटी नव्हे. दहा, बारा, दोन आणि चार वाजता फेरी, वहीत वेळ आणि सही. प्रत्येक मुलाला स्वतःचं अंथरूण, लहान आणि मोठी मुलं वेगळ्या खोल्यांत. अत्याचाराचा विचार करताना नजर नेहमी बाहेरच्या माणसावर जाते. मोठ्या मुलानं लहानाला छळणं हे रात्री, सगळे चांगले लोक झोपलेले असताना होतं. कोणाही मोठ्या माणसानं एका मुलासोबत बंद दारामागे राहायचं नाही. हा नियम चर्चच्या पाळकांना (धर्मगुरूंना), संस्थाचालकांना आणि देणगीदारांनाही लागू. घराबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीचा नंबर मुलांना दिसेल तिथे लावावा आणि ती व्यक्ती महिन्यातून एकदा येऊन मुलांशी एकेकट्यानं, दिसेल अशा मोकळ्या जागी बोलावी.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाला हसणं, जाहीर सांगणं, चादर गळ्यात घालून उभं करणं यांनी ते थांबत नाही. गादीवर मेणकापड, उशाशी घडी केलेली दुसरी चादर, दिवसभर भरपूर पाणी आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी, रात्री दहाच्या फेरीला उठवणं. महिनोन्‌महिने कोरडं असलेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, तर लघवी तपासावी, आणि त्याला कोणी त्रास देतंय का याचाही शोध घ्यावा.

दाराच्या किल्ल्या आतल्या बाजूला, एकाच ठरलेल्या खिळ्यावर. गज असलेल्या खिडक्यांतली निदान एक प्रत्येक खोलीत आतून उघडणारी हवी. तीन महिन्यांनी एकदा रात्री आगीचा सराव.

प्रार्थना आणि रविवार

सकाळी दहा मिनिटं आणि रात्री गटागटानं मावशीसोबत एक गीत, एक छोटी गोष्ट, प्रत्येकाच्या नावानं एक वाक्य. तासभराची उपासना लहान मुलांना बसून काढावी लागते आणि तिची आठवण पाय दुखल्याचीच राहते. रात्रीची प्रार्थना घाईत उरकू नये. दिवसभर न बोललेली गोष्ट मूल कित्येकदा त्या अंधारात, प्रार्थनेच्या एका वाक्यात सांगतं : 'देवा, आईला बरं कर.' मावशीनं ते ऐकायचं आणि सकाळी फाइलीत लिहायचं.

दारुड्या बापाचा मार खाल्लेल्या मुलाला 'स्वर्गातील पिता' या शब्दानं धीर येईलच असं नाही; काही मुलं त्या ओळीला गप्प होतात. त्यांना बोलायला लावू नये. देव मेंढपाळासारखा सांभाळतो या प्रतिमेपासून सुरुवात करावी, पित्याचा अर्थ घरातल्या चांगल्या पुरुषांकडे पाहून हळूहळू येतो.

मूल दुसऱ्या धर्माच्या कुटुंबातलं असेल तर त्याच्या घरची प्रार्थना, सण, नाव यांना हात लावायचा नाही. उपासनेला बसायचं की नाही हे त्यानं ठरवावं, आणि न बसणाऱ्याला त्या वेळात मावशीची सोबत मिळावी, शिक्षेसारखं एकटेपण नको. जेवण, खेळ, शाळा यांतलं काहीही प्रार्थनेला बांधायचं नाही. मुलाच्या आणि कुटुंबाच्या मनातून आल्याशिवाय बाप्तिस्मा नाही.

रविवारी चर्चमध्ये मुलं एका रांगेत, एकसारख्या कपड्यांत पुढच्या बाकावर बसवू नयेत. मावशीसोबत आपापल्या गटात, इतर कुटुंबांच्या मधे बसावं. मुलांना उभं करून त्यांच्या दुःखाची साक्ष द्यायला लावणं तर कधीच नको.

पाहुणे, नाताळ आणि पैसा

नाताळच्या आठवड्यात देणगीदारांची रीघ लागते, प्रत्येक मुलाच्या हातात चार-चार खेळणी येतात आणि फेब्रुवारीत साबणाला पैसे नसतात. भेटींचे दोनच दिवस ठरवावेत, खेळणी सामायिक कपाटात जमा करावीत, वस्तूंऐवजी साबण, औषध, शाळेची फी आणि पगार यांची यादी ऑक्टोबरमध्येच पाठवावी. त्याच आठवड्यात काही मुलांना नातेवाईक घेऊन जातात आणि काहींना कोणी येत नाही. मागे राहिलेल्यांसाठी ते दिवस आधी आखून ठेवावेत, त्यांची मावशी त्या वेळी रजेवर नसावी.

थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या स्वयंसेवकांना मुलांच्या अंघोळी, झोपवणं, कडेवर घेणं ही कामं देऊ नयेत. छप्पर, हिशेब, शिवणयंत्र, मावश्यांचं प्रशिक्षण द्यावं. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा सेवा-पर्यटनाच्या धोक्याबद्दल बजावलं आहे. चेहरा, नाव आणि कहाणी एकत्र येईल असा कोणताही फोटो बाहेर जाऊ नये. एकेका मुलाला एकेक प्रायोजक दिला की एकाला पत्रं आणि भेटी येतात, शेजारच्याला काही नाही. पैसा सामायिक निधीत घ्यावा.

तीन महिन्यांचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय नवं मूल घेऊ नये. खात्यावर दोन सह्या, त्याही एकाच कुटुंबातल्या नकोत. घरातल्या पेटीत आठवड्याच्या बाजाराएवढीच रोकड. प्रत्येक देणगीला क्रमांकाची पावती. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये १८३६ साली अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडणारे जॉर्ज म्यूलर प्रार्थनेवर विसंबून चालत, आणि आलेल्या प्रत्येक देणगीची नोंद ठेवून ती छापतही असत. विश्वास आणि हिशेब यांचं भांडण नाही, हे तिथे दिसतं.

घरी परतण्याची तयारी

हे काम मूल आल्याच्या पहिल्या महिन्यात सुरू होतं. फाइलीतल्या नातेवाइकांना शोधायचं, आधी आपण एकटं जाऊन घर पाहायचं : कोण राहतं, कोण कमावतं, कोण पितं, मूल कुठे झोपेल. मग फोन किंवा पत्र, नंतर बालगृहात भेट, एका दिवसाची भेट, एक रात्र, पूर्ण सुटी. प्रत्येक टप्प्यानंतर मुलाला एकट्यात विचारायचं. परतीची घाई झाली की मूल काही महिन्यांत रस्त्यावर सापडतं. घरी गेल्यावर पहिल्या आठवड्यात, मग महिन्यातून एकदा, निदान वर्षभर भेट द्यायची, आणि शाळेची फी व धान्य काही काळ सुरू ठेवायचं. बालगृहात असताना होणारा खर्च एका दिवसात शून्यावर आणला तर घर त्याला पुन्हा दाराशी आणून सोडतं.

ज्यांना परतायला घरच नाही, त्यांना चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून स्वयंपाक, बाजार, बँकेचं खातं, दवाखान्यात एकट्यानं जाणं शिकवायचं. अठराव्या वाढदिवसाला दार लावून घेणं ही क्रूरता आहे. भाड्याच्या खोलीचे पहिले सहा महिने, कामाची ओळख आणि रविवारी जेवायला यायची कायमची मोकळीक, एवढं तरी ठरवून ठेवावं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मावशीनं त्या मुलासोबत बसून फाइल उघडायची. जन्मदाखला, लसीचं कार्ड, शाळेचे दाखले, नातेवाइकांची यादी यांची एक प्रत मुलाच्या हातात, एक संस्थेत. वर्षागणिक काढलेले फोटो, मागे तारीख आणि सोबतच्यांची नावं लिहून. आणि नावाची पेटी, आत तो धुतलेला सदरा. आता तो अंगाला येणार नाही. तरी घडी मोडून दाखवावा आणि मुलाला स्वतःच्या हातानं पुन्हा ठेवू द्यावा.